पोटाला स्पीकर बांधला की बाळ हुशार होतं म्हणे!

कोल्हापूरच्या राजारामपुरीत हल्ली डोहाळजेवणाला ओटीबरोबर पोटाला बांधायचा स्पीकरवाला बेल्ट पण गिफ्ट येतोय, आणि सल्ला ठरलेला, मोझार्ट (जुना युरोपियन संगीतकार) लाव, बाळ लई हुशार निघतंय. हे खूळ आलं १९९३ च्या एका अभ्यासावरनं, आणि तो होता कॉलेजच्या पोरांवर, पोटातल्या बाळाचा त्यात संबंधच नाही! १० मिनिटं मोझार्ट ऐकून त्यांना कागदाच्या घड्यांसारख्या कोड्यांत थोडे मार्क जास्त पडले, तेही १०-१५ मिनिटंच टिकलं, एवढ्यावर लोकांनी दुकानं थाटली.

बाळाला ऐकू येतं हे खरंय, साधारण २४-२५ आठवड्यांनंतर. पण बाहेरचा आवाज पोटातनं, पाण्यातनं जाताना उंच पट्टीचे सूर दबतात, घुमल्यासारखं काहीतरी पोचतं, आईचा आवाज मात्र तिच्या अंगातनंच जातो, त्याला बेल्ट कशाला पायजे? जन्मल्यावर बाळ तो ओळखतं पण. बाबांनी जवळ बसून 'काय पैलवान, जेवला का?' विचारावं की खुशाल.

हौस म्हणून बेल्ट वापरा, आवाज कमी ठेवा, रात्रभर बांधून झोपू नका. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर गाणं लावून वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांकडं जायचं.