परिचर्या

परिचर्या : रुग्णाची शास्त्रशुद्ध देखभाल. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, ताप-नाडी-रक्तदाब नोंदवणे ही तिची रोजची कामे सर्वपरिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही. कायदा, शस्त्रक्रिया, मधुमेह आणि बालरोग या चार विषयांत रुग्णापर्यंत पोहोचणारा शेवटचा हात परिचारिकेचा असतो. डॉक्टरची, औषधविक्रेत्याची किंवा लिहिणाऱ्याची चूक पकडण्याची शेवटची संधीही तिच्याकडेच असते. म्हणून या विषयांची उजळणी सेवेत असेपर्यंत चालू ठेवावी लागते.

संज्ञा व उगम : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ९) चिकित्सेचे चार पाद (आधार) सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य (औषध), उपस्थाता म्हणजे परिचर आणि रोगी. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे परिचराचे चार गुण. मूळ अग्निवेशाचे तंत्र, त्यावर चरकाचा संस्कार आणि पुढे दृढबलाची भर असे या ग्रंथाचे थर असल्याने त्याचा काळ निश्चित करता येत नाही. चरकाचा संस्कार साधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या दरम्यान मानतात. जगातील पहिली परिचर्याशाळा इ. स. पू. २५० च्या सुमारास भारतात होती, असे विधान पाठ्यपुस्तकांतून वारंवार आढळते. अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात मात्र माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड आणि विहिरी यांचाच उल्लेख आहे, शाळेचा नाही. परिचराचे गुण सांगितले, एवढ्यावरून त्याच्या शिक्षणाची संस्था होती असे ठरत नाही. वैद्याजवळ राहून तयार झालेला सेवक, हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. आधुनिक शिक्षणाची सुरुवात जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील संस्था (१८३६) आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयातील शाळा (१८६०) यांपासून धरणे सुरक्षित.

कायदा : भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, त्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविकी (सुईणकाम) आयोगाचा अधिनियम संमत झाला. वॉर्डात सर्वाधिक प्रश्न संमतिपत्राचे येतात. शस्त्रक्रियेची माहिती देणे शल्यचिकित्सकाचे काम. परिचारिका सहसा सहीची साक्षीदार असते. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढणे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अवैध ठरवले. भारतीय न्याय संहितेनुसार १२ वर्षांखालील मुलाची संमती सामान्यतः संमती ठरत नाही. १२ ते १८ या वयाबाबत मतभेद आहेत. रुग्णालये पालकाची सही घेतात, आणि तेच योग्य दिसते.

शस्त्रक्रिया : जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सुरक्षा तपासणी-यादी १९ मुद्द्यांची असून भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी अशी तीनदा वाचली जाते. रक्त टिपण्याचे मॉप व गॉज (कापडी घड्या), सुया यांची मोजणी दोघींनी मिळून, मोठ्याने करायची असते. मोजणी जुळत नसेल तर ते शल्यचिकित्सकाला तत्काळ सांगणे परिचारिकेचे कर्तव्य आहे.

मधुमेह : भारतात इन्शुलिनच्या कुप्या मुख्यतः ४० युनिट प्रति मिलिलिटर शक्तीच्या असतात, तर इन्शुलिन टोचण्याच्या पेनमधील काडतुसे १०० युनिट प्रति मिलिलिटरची. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. काडतुसातले इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट जातात. उलट ४० चे इन्शुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्याच खुणेपर्यंत घेतले तर जेमतेम ८ युनिट जातात. साध्या व एनपीएच (अधिक वेळ काम करणाऱ्या) इन्शुलिनचे मिश्रण करताना आधी स्वच्छ दिसणारे साधे, मग गढूळ दिसणारे एनपीएच ओढतात. साध्याच्या कुपीत एनपीएच मिसळू नये हा त्यामागचा हेतू. ‘युनिट’ऐवजी नुसते ‘यू’ हे रोमन अक्षर लिहिल्यास ते शून्य वाटून १० चे १०० होतात.

रक्तातील साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्णाला गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालायचे नसते. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या मधुमेही रुग्णाला सकाळचे नेहमीचे इन्शुलिन टोचण्याआधी डॉक्टरांना विचारावेच लागते.

बालपरिचर्या : मुलाचा डोस वयावरून काढण्याचा यंगचा नियम (वय भागिले वय अधिक १२, गुणिले प्रौढाचा डोस) चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रौढाचा चतुर्थांश देतो, मग ते १२ किलोचे असो वा १८ चे. आता किलोमागे मिलिग्रॅम हाच हिशोब ग्राह्य आहे. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागते. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे साडेसात मिलिलिटर होतात, २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे ३.६ आणि मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे १.८. आईला नुसते ‘साडेसात मिली’ सांगून घरी पाठवले आणि घरात ड्रॉप्सची बाटली असली, तर मुलाच्या पोटात ७५० मिलिग्रॅम जाते. म्हणून केस पेपरवर मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि बाटलीची शक्ती तिन्ही लिहावी लागतात.