जुना छोटा ट्रॅक्टर: दुरुस्त करायचा की खोलून विकायचा?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रोहिणी नक्षत्र जवळ आलं, धूळवाफ पेरणीची घाई सुरू झाली की आमच्या वर्कशॉपात हा प्रश्न हमखास येतो. गोठ्यामागं दोन-चार पावसाळे उभा राहिलेला पंधरा-अठरा एचपीचा ट्रॅक्टर असतो. थोरला म्हणतो दुरुस्त करू, धाकटा म्हणतो भंगारात घालू. दोघांनी बसून ठरवता यावं म्हणून हे पत्रक.

बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. "इंजिन जाम झालंय, म्हणजे संपलंच की." आमचं म्हणणं उलटं आहे. इंजिन सुधारतं, आणि बेळगावात तर नक्कीच सुधारतं. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि फौंड्री हा या गावचा जुना धंदा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँक घासून मिळतो, हेड प्लेन होतं, व्हॉल्व्ह सीट बसतात. लायनर-पिस्टनचा सेट बाजारात मिळत असेल तर जाम इंजिनाला घाबरायचं कारण नाही. क्रँक आधी किती घासलाय तेवढं मात्र विचारा. हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दहा, वीस झालं असेल तर अजून जागा आहे. तीसही झालं असेल तर बहुधा नवा क्रँक धरूनच हिशेब करावा लागेल.

खरा निकाल लागतो तो मागच्या भागात. बहुतेक ट्रॅक्टरना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हौसिंग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतात आणि तोच सांगाडा असतो. त्या बिडाला तडा गेला, किंवा बेअरिंगची बैठक खाऊन मोठी झाली, की वेल्डिंग करून दिसायला नीट होतं, पण शाफ्ट सरळ रेषेत राहत नाहीत. मग गिअर ओरडायला लागतात आणि पुढच्या सुगीला पुन्हा तेच काम निघतं. असा ट्रॅक्टर आम्ही दुरुस्तीला घेत नाही, स्पष्ट सांगतो.

ट्रॅक्टर कुठल्या कामात झिजलाय त्यावरही बरंच कळतं. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात केजव्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून चिखलणी केलेली असते. तिथं एक्सलचे सील जातात आणि पाणी आत शिरून क्राऊन-पिनियनला (डिफरन्शियलमधल्या गिअरच्या जोडीला) गंज चढतो. अथणीकडं द्राक्षबागेत फवारणीला चाललेल्या ट्रॅक्टरचा मागचा भाग कोरडा असतो, पण पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि क्लच खाल्लेला. दुसरा परवडतो, पहिला नीट तपासावा.

तपासणी घरीही होते. ट्रॅक्टर रात्रभर हलवू नका. सकाळी गिअरबॉक्सचा खालचा ड्रेन बोल्ट हळू सैल करा. ऑइलच्या आधी पाणी आलं तर ते आत किती दिवस बसलं होतं, हा प्रश्न उभा राहतो. बोल्टला चिकटलेला बारीक राखाडी लगदा नेहमीचाच. चकत्या किंवा दाताचे तुकडे निघाले तर तिथंच थांबा. मागचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवा, ढिलं लागतंय का बघा. इंजिनाची डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर हेड गॅस्केट किंवा लायनरची रबरं गेलीत, हे सुधारणारं काम आहे.

एक विनंती. जाम इंजिनाला गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरनं टोचन लावू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचणारं इंजिन जातं. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा, काही दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीला पाना लावून हातानं हलवून बघा.

पैशाचा आमचा अंदाज साधा आहे. तुमच्या भागात तसाच चालू ट्रॅक्टर ज्या भावाला मिळतो, त्याच्या निम्म्याच्या वर दुरुस्ती जात असेल तर खोलून विका. हिशेबात टायर आणि बॅटरी धरा. इंजिनाचा खर्च आणा-पैशासह मांडणारी माणसंही टायर विसरतात. वडिलांनी घेतलेला म्हणून ठेवायचा असेल तर हा नियम सोडा, त्याला आम्ही अडवत नाही.

मात्र दुरुस्तीला हात घालण्याआधी कागद बघा. शेतीच्या ट्रॅक्टरचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढं ५-५ वर्षांनी नूतनीकरण. चंदगड-गडहिंग्लजकडून घेतलेला एमएच-०९ पासिंगचा असेल आणि फॉर्म २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) नसेल, तर मूळ मालक सापडेपर्यंत पैसे घालू नका. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची सही असलेला फॉर्म ३५ लागतो. जमीन तारण दिली असेल तर उताऱ्यावरची नोंदही कमी करून घ्या.

खोलून विकायचं ठरलं तर घाई नको. क्राऊन आणि पिनियन ही जोडी आहे, सुटी विकली की दोन्ही बाद. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप, फ्युएल पंपाचा प्लंजर आणि बॅरल, यांचंही तेच. स्टार्टर, फ्युएल पंप, हायड्रॉलिक पंप, रिम, चालू असेल तर पुढचा फोर व्हील एक्सल, हे लवकर जातं. गिअरबॉक्स शक्यतो अख्खा द्या. लोक चांगले पार्ट पहिल्या महिन्यात विकतात आणि सांगाडा अंगणात वर्षभर गंजत राहतो. म्हणून भंगारवाल्याशी बोलणी आधीच करून ठेवा. निघालेलं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून आणा.

ट्रॅक्टर कायमचा मोडीत निघाला की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. नंबर कोरलेला भाग आणि आरसी एकाच माणसाच्या हातात देऊ नका. उद्या त्या नंबरवर दुसराच ट्रॅक्टर फिरला तर विचारणा तुमच्याकडे येईल.

आमच्याकडे येताना आरसी, असल्यास कर्जाचे कागद आणि चासी नंबरचा मोबाइलवर काढलेला फोटो आणा. ट्रॅक्टर टेम्पोतून आणण्याआधी फोन करा. वाट बरी असेल तर आम्हीच शेतावर येऊन बघतो, म्हणजे भाड्याचे पैसे वाचतात.