चिनी समाजातील हॉस्पिस शुश्रूषा

बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या अखेरच्या टप्प्यात वेदना, धाप, मळमळ, बेचैनी आटोक्यात ठेवणारी आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही सांभाळणारी सेवा. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला उभारलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून तिला आधुनिक रूप आले. चिनीभाषक प्रदेशांत ती १९८० च्या दशकात रुजू लागली.

संज्ञा : चीनच्या मुख्य भूमीवर आधी ‘लिनचुंग क्वानहुआय’ (मरणासन्नाची काळजी) हा शब्द चालला. दारावरच ‘मरणासन्न’ लिहिलेल्या कक्षात आईवडिलांना न्यायला मुले धजावत नसत. चिनी भाषेत ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’शी जुळतो म्हणून अनेक इमारतींत चौथा मजलाही गाळतात. तैवानमधील ‘आननिंग लियाओहू’ या शब्दात शांती आणि शुश्रूषा आहे, मृत्यू नाही. चीनच्या आरोग्य खात्याने २०१७ मध्ये तोच अधिकृत केला.

पूर्वपीठिका : काही चिनी लेखक या सेवेचे मूळ तांग व सुंग काळातील सरकारी आश्रयगृहांत शोधतात. ती मुख्यतः निराधार, वृद्ध व आजारी लोकांसाठी होती. त्यांना हॉस्पिस म्हणणे ओढूनताणून वाटते. अधिक जवळचे उदाहरण बौद्ध विहारातील ‘अनित्यगृहा’चे आहे. विनयाचार्य दाओश्वान (५९६–६६७) यांनी श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा दाखला देऊन त्याचे वर्णन केले आहे. आपली खोली, चीवर, पात्र यांत मरणासन्न भिक्षूचे मन गुंतू नये म्हणून त्याला विहाराच्या वायव्येकडील या गृहात हलवीत. बुद्धमूर्तीच्या डाव्या हाताला पंचरंगी पताका बांधलेली असे. मूर्तीमागे निजवलेल्या रुग्णाच्या हाती तिचे टोक देत. मरणाऱ्याजवळ नामजप करण्याची रीत आजही आहे. अनेक बौद्ध कुटुंबांची मृत्यूनंतर आठ तास देहाला कोणी हात लावू नये, अशी इच्छा असते. शवागाराची घाई असलेल्या रुग्णालयात ती मोडते. म्हणून तैवानमधील अनेक रुग्णालयांत जपासाठी वेगळी खोली ठेवतात.

पहिली आधुनिक संस्था कोणती, यावर एकमत नाही. बीजिंगचे सुंगथांग रुग्णालय १९८७ चे. त्यानंतर १९८८ मध्ये त्येनचिन शहराच्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन केंद्र निघाले. संशोधन व प्रशिक्षणाची सुरुवात त्येनचिनपासून धरणे रास्त, प्रत्यक्ष शुश्रूषेची मात्र सुंगथांगपासून. तैवानमध्ये मॅके स्मारक रुग्णालयाच्या तामसुई शाखेत १९९० मध्ये पहिला कक्ष सुरू झाला. हाँगकाँगचे ब्रॅडबरी हॉस्पिस १९९२ चे.

कुटुंब आणि ‘शियाओ’ : शियाओ म्हणजे आईवडिलांविषयीचे कर्तव्य. उपचार थांबवणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे, असा त्याचा अर्थ लावला जातो. वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या मुलीने शांत मरणाचा निर्णय घेतलेला असतो, आणि शेवटच्या दिवसांत दूरदेशीचा भाऊ येऊन ‘सगळे उपाय करा’ म्हणतो. तैवानमध्ये अशांना ‘क्षितिजापलीकडचे आज्ञाधारक पुत्र’ म्हणतात. यावर उपाय म्हणजे कौटुंबिक बैठक लवकर घेणे, आणि परगावच्या भावंडांनाही तीत फोनवरून सामील करून घेणे.

निदान रुग्णाआधी नातेवाइकांना कळते. चीनमध्ये २०२१ पासून लागू असलेल्या नागरी संहितेतही रुग्णाला सांगणे योग्य नसल्यास नातलगांना सांगण्याची मुभा आहे. मग ‘पोटाला सूज आहे’ असे सांगत राहावे लागते आणि शेवटची इच्छा विचारायची वेळ निघून जाते. उपाशी मेलेला जीव भुकेलेले भूत होतो, ही धास्ती वेगळीच. गिळता येत नसताना भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाते. सलाइन चालूच ठेवले तर सूज व घशातली घरघर वाढते. अशा वेळी ओल्या बोळ्याने ओठ व जीभ पुसणे आणि ते काम नातेवाइकाच्या हाती देणे उपयोगी पडते. भरवण्याची ओढ त्यामुळे भागते.

मॉर्फिन : हे वेदनाशामक अफूपासून बनते, आणि अफूयुद्धांची आठवण चीनमध्ये अजून जिवंत आहे (त्या अफूतली बरीच माळव्यात पिकून मुंबई बंदरातून गेली होती). व्यसन लागेल ही भीती रुग्णांना असते, काही डॉक्टरांनाही. २००७ च्या नियमांनुसार कर्करोगाच्या बाह्यरुग्णाला एका चिठ्ठीवर इंजेक्शन ३ दिवसांचे, मंद सुटणाऱ्या गोळ्या १५ दिवसांच्या आणि इतर गोळ्या ७ दिवसांच्याच मिळतात. मंद गोळी १२ तासांची असते. मध्येच कळ उठली तर तत्काळ लागू पडणारी गोळी लागते, साधारणपणे दिवसाच्या मात्रेच्या एक-षष्ठांश. दिवसाला ६० मिलिग्रॅम घेणाऱ्याला ती १० मिलिग्रॅम. ती हाताशी नसेल तर मॉर्फिन ‘लागू पडत नाही’ असा समज होतो. पहिल्या दिवसापासून रेचक दिले नाही, तर बद्धकोष्ठाला कंटाळून रुग्ण औषध सोडतो.

व्यवस्था आणि पैसा : संस्कृतीची चर्चा खूप होते, बिलाची कमी. चीनच्या २०१७ च्या मानकांनुसार केंद्रात किमान ५० खाटा, दर १० खाटांमागे किमान १ डॉक्टर व ४ परिचारिका हव्यात. रुग्णालयाची कमाई मात्र तपासण्या, औषधे व शस्त्रक्रियांवर. तासभर रुग्णापाशी बसण्याचे बिल होत नाही. काही ठिकाणी दर दिवसाला खाटेमागे ठरावीक रक्कम देऊन ही अडचण हलकी केली आहे. २०१७ मध्ये ५ ठिकाणी, २०१९ मध्ये संपूर्ण शांघाय व आणखी ७१ शहरे-जिल्ह्यांत या सेवेचे प्रयोग झाले. तैवानने २००० मध्येच या सेवेसाठी कायदा केला. चीनच्या शनचेन शहरात २०२३ पासून, रुग्णाने आधी लिहून ठेवलेली इच्छा डॉक्टरांना मानावी लागते.

जागा : मरण आपल्या घरच्या मुख्य दालनात यावे, ही जुनी धारणा. तैवानमध्ये एक श्वास शिल्लक ठेवून रुग्णाला रुग्णवाहिकेतून घरी नेत आणि श्वासासाठीची नळी तिथे काढत. हाँगकाँगच्या दाटीत याच्या उलट आहे : घरात मृत्यू झाला तर घराची किंमत पडेल, अशी भीती असते. सुंगथांगलाही शेजाऱ्यांच्या विरोधामुळे अनेकदा जागा बदलावी लागली. २०१७ च्या मानकांत आता निरोपाची खोली सक्तीची आहे, आणि तिथे कुटुंबाच्या रीतिरिवाजांना वाव द्यावा असेही म्हटले आहे.