मगरदेवाच्या पोटात

१६ जानेवारी १९००. इजिप्तच्या फायूम भागात, टेबट्युनिस या प्राचीन गावाच्या दफनभूमीत खोदकाम चालू होतं. ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज संशोधक पपायरसच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या लव्हाळ्याच्या कागदाच्या, शोधात आले होते. त्यांच्या एका मजुराला शवपेट्या सापडतील अशी आशा होती, पण निघाली ती मगरींच्या ममींची रांग. वैतागून त्याने एक ममी फोडली, तर ती चक्क लिहिलेल्या पपायरसांत गुंडाळलेली! इतर काही मगरींच्या घशात आणि पोटातही पपायरसच्या गुंडाळ्या कोंबलेल्या होत्या. सरकारी दप्तरातली जुनी रद्दी ममी बनवणाऱ्यांनी भराव म्हणून वापरली होती.

त्या रद्दीत मेन्खेस नावाच्या एका गावलेखकाचं दप्तर निघालं. आपल्याकडच्या जुन्या कुलकर्ण्यांसारखंच जमीन, पीक आणि सारा यांचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम. त्यातलं इ.स.पू. ११२ मधलं एक पत्र मला फार मोलाचं वाटतं. लुसियस मेम्मियस नावाचे रोमन सिनेटर फायूम बघायला येत आहेत, त्यांची राहण्याची चोख व्यवस्था ठेवा, भेटवस्तू तयार ठेवा आणि ‘पेतेसूखोस व मगरींना द्यायचा नेहमीचा खाऊ’ही सज्ज ठेवा, असा त्यात हुकूम आहे. पेतेसूखोस म्हणजे देव मानून पाळलेली जिवंत मगर. तिला काय खिलवायचं याची काळजी वाहणारा हा कागद पुढे दोन हजार वर्षं मेलेल्या मगरींच्या संगतीत टिकून राहिला.

या देवाचं नाव सोबेक. ग्रीक लोक त्याला सूखोस म्हणत. मगरीचं तोंड आणि माणसाचं धड, किंवा सबंध मगरच, अशी त्याची मूर्ती असे. त्याचं मुख्य ठाणं फायूममधलं शेदेत. ग्रीकांनी त्या शहराचं नावच ‘मगरींचं शहर’ असं ठेवलं होतं. नाईलचं पाणी एका फाट्याने या खोलगट प्रदेशात येतं, तिथं तळं आणि दलदल तयार होते आणि दलदलीच्या कडेने हिरवीगार शेती पिकते. त्या काळी मगरी तिथंच राहत. त्यामुळे सोबेक हा निव्वळ भीतीपोटी पुजलेला देव होता, हे मला पटत नाही. सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीच्या उनास राजाच्या पिरॅमिडमधले मंत्र सोबेकला हिरव्या पिसांचा आणि काठावर हिरवळ आणणारा म्हणतात. मगर दिसली म्हणजे पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे पीक आहे. गोव्यात खाजण शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, काही गावांत आजही चिखलाची मगर करून पुजतात आणि बांध सांभाळ म्हणून तिला साकडं घालतात. ती परंपरा सर्वस्वी वेगळी, पण पाण्याकाठी शेती करणाऱ्याचं मन समजून घ्यायला तिची मदत होते.

सगळ्या इजिप्तमध्ये मात्र मगर पूज्य नव्हती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की थीब्ज शहर आणि फायूमचं तळं यांच्याभोवतीचे लोक एक मगर पाळतात, तिच्या कानांत काचेचे आणि सोन्याचे दागिने आणि पुढच्या पायांत कडी घालतात. दक्षिणेकडच्या एलिफंटाइन बेटाकडचे लोक मात्र मगर मारून खातात.

इ.स.पू. २५च्या सुमारास स्ट्रेबो हा भूगोलकार फायूमला गेला, तेव्हा त्याने ही पूजा डोळ्यांनी पाहिली. त्याच्या यजमानाने बरोबर एक छोटी पोळी, भाजलेलं मांस आणि मध घातलेल्या पेयाचं भांडं घेतलं होतं. मगर तळ्याच्या काठी पहुडली होती. पुजारी तिच्याजवळ गेले, काहींनी जबडा उघडून धरला, एकाने पोळी घातली, मग मांस, आणि वरून ते पेय ओतलं. मगरीने पाण्यात उडी घेतली आणि ती पैलतीराला गेली. इतक्यात दुसरा पाहुणा आपला नैवेद्य घेऊन आला, तसे पुजारी तळ्याला वळसा घालून धावले आणि तिला धरून पुन्हा भरवलं.

स्ट्रेबोने पाहिलं ते खरं असावं, याची साक्ष आता खुद्द मगरींची पोटं देतात. दक्षिण इजिप्तमधल्या कोम ओम्बोला सोबेकचं जोडमंदिर आहे. एक गाभारा त्याचा, शेजारचा हरोएरिसचा, म्हणजे थोरल्या होरस या ससाणादेवाचा. तिथली जवळपास चार मीटर लांबीची एक ममी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिची कापडी गुंडाळी न सोडता सीटी स्कॅन केला, तेव्हा पोटात गायीच्या खांद्याची आणि पुढच्या पायाची हाडं दिसली. नैवेद्याचा उत्तम वाटा तिला मिळाला असणार. तिच्या पाठीवर वीसहून अधिक इवली पिल्लं बसवलेली आहेत.

या पिल्लांपाशी थांबायला हवं. मगरीची मादी काठावरच्या मातीत अंडी घालते आणि त्यांच्यावर पहारा देते. अंड्यातून पिल्लांची चिवचिव ऐकू आली की ती माती उकरते आणि ज्या जबड्याने हाडं फोडते, त्याच जबड्यात पिल्लांना अलगद उचलून पाण्यात सोडते. हे ज्यांनी पाहिलं होतं, त्यांनीच पिल्लं पाठीवर घेतलेली ती ममी घडवली. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयातली तीन मीटरची एक ममी पूर्वी दोन मगरींची ठरली होती. २०१६ मध्ये नव्याने स्कॅन केल्यावर आत वेगवेगळी गुंडाळलेली तब्बल ४७ पिल्लं सापडली. फायूममधल्या मेदिनेत मादी इथं तर एका देवळालगत अंडी उबवायची आणि पिल्लं वाढवायची जागाच सापडली आहे.

म्हणजे पूजेसाठी मगरींची पैदास होत होती. पण सगळ्याच ममी तशा नव्हत्या. फ्रान्समधल्या लिऑनच्या संग्रहालयातली रोमन काळातली एक लहान मगर सिंक्रोट्रॉनच्या अतिशय प्रखर क्ष-किरणांखाली तपासली गेली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिची कवटी डोक्यावरच्या जबर घावाने फुटली होती. तिच्या पोटात रानात मिळणारंच खाणं होतं. ती देवळात वाढलेली नव्हती, शिकार करून आणलेली होती.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संग्रहातली एक मगर तर याहून बोलकी. सव्वादोन मीटर लांबीच्या तिच्या देहात धातूचा गळ आहे आणि त्या गळाला अजून मासा अडकलेला. मगरी दगड गिळतात, बहुधा पचनाला मदत म्हणून. तसे गिळलेले काही दगड तिच्या अन्नमार्गात वाटेतच राहिले होते, जठरापर्यंत पोचलेच नव्हते. म्हणजे दगड गिळले, आमिषाचा मासा गिळला आणि काहीही पचायच्या आत ती मेली. तिला देवाला अर्पण करण्यासाठीच पकडलं असावं. इतकी श्रद्धा आणि इतकी मारझोड एकाच देवळाच्या अंगणात कशी नांदत होती, हे आपल्याला बोचतं. त्या लोकांच्या लेखी मात्र ममी झालेली मगर सोबेककडे आपला निरोप घेऊन जात होती.

या ममींनी प्राणिशास्त्रालाही एक धडा दिला. १८०७ मध्ये एतियेन जॉफ्रॉय सेंट-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ममी तपासून सांगितलं की नाईलमध्ये मगरींच्या दोन जाती आहेत, आणि त्यातली अंगाने लहान, स्वभावाने मवाळ जात वेगळी आहे. तिला त्याने देवाचंच नाव दिलं, क्रोकोडायलस सूखस. त्याचं म्हणणं फारसं कुणी मानलं नाही. २०११ मध्ये इव्हॉन हेक्कला आणि सहकाऱ्यांनी ममींमधला डीएनए तपासला आणि जॉफ्रॉय खरा ठरला. तपासलेल्या ममी सूखस जातीच्याच निघाल्या. त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी की नेहमीची नाईल मगर सूखसपेक्षा अमेरिकेतल्या मगरींची जवळची नातलग आहे.

जबडा उघडून त्यात पोळी घालायची तर कोणती मगर धरायची, हे पुजाऱ्यांना ठाऊक असणारच. निवड दर वेळी इतकी काटेकोर नव्हती. अस्वानजवळ कुब्बत अल-हवा इथं एका थडग्यात मिळालेल्या दहा मगरींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत दोन्ही जाती असाव्यात, पण बऱ्याचशा सूखससारख्या दिसतात.

आज इजिप्तमध्ये मगरी उरल्या आहेत त्या अस्वानच्या मोठ्या धरणामागच्या नासेर सरोवरात, आणि त्या नाईल मगरी आहेत. देवाच्या नावाची मगर नाईलवरून नाहीशी झाली. ती अजून आहे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत. बुर्किना फासोमधल्या बाझूले गावच्या तळ्यात शंभरावर सूखस मगरी आहेत. गावकरी त्यांना पवित्र मानतात. पाहुणा आला की काठीच्या टोकाला कोंबडी बांधून तळ्याकाठी धरतात, मगर पाण्याबाहेर येते, कोंबडी घेते आणि पाहुणा तिच्या पाठीवर हात ठेवून बसतो.