कळा जोरात, पण डोकं खाली येईना

दर १० मिनिटांत तीन-चार कळा, प्रत्येक कळ ४० सेकंदांहून लांब, आणि तरीही बाळाचं डोकं तासन्‌तास तिथल्या तिथेच: ही अडलेली प्रसूती. कळाच मंद असल्यामुळे लांबलेलं बाळंतपण वेगळं. इथे जोर भरपूर आहे, वाट बंद आहे. हा फरक न ओळखता कळा वाढवण्याचं इंजेक्शन टोचलं, तर गर्भाशय फाटू शकतं.

वाट बंद होते ती बहुतेक वेळा डोकं आणि कटीर, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, यांचं माप न जुळल्यामुळे. कटिराच्या तोंडाशी पुढून मागे जेमतेम ११ सेंटिमीटर जागा असते. बाळाने हनुवटी छातीला टेकवली, तर डोक्याचा साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास पुढे येतो आणि निघून जातो. हनुवटी उचलली जाऊन कपाळ पुढे आलं, तर तोच व्यास साडेतेरा होतो. मग कटीर कितीही चांगलं असो, पूर्ण दिवसांचं बाळ अडतं. आडवं मूल, डोक्यात पाणी साठलेलं बाळ, गर्भाशयाच्या खालच्या भागातली गाठ ही आणखी काही कारणं. गरीब देशांत हे जास्त दिसतं, कारण बालपणी पोट भरलं नाही, मुडदूस झाला किंवा वाढ पुरी होण्याआधीच दिवस गेले, तर कटीर अरुंद राहतं. आपल्याकडे १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची गरोदर बाई जोखमीची धरतात. पण अशा कित्येक जणी सुखरूप बाळंत होतात आणि उंच बाईही अडते. खरं माप कळा सुरू झाल्यावरच कळतं.

घरोघरी एक समज पक्का आहे: पहिलं कठीण, पुढची सोपी. अडलेल्या प्रसूतीत हा समज जीव घेतो. पहिलटकरणीचं गर्भाशय बराच वेळ झुंजून थकतं आणि कळा मंदावतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं गर्भाशय थांबत नाही. वरचा भाग आकसून जाड होत जातो, खालचा ताणून कागदासारखा पातळ होतो, आणि दोन्हींच्या मध्ये पोटावर आडवी खाच दिसू लागते. ही खाच दिसली म्हणजे गर्भाशय फाटण्याच्या बेतात आहे. फाटलं की कळा एकाएकी थांबतात. बाईला क्षणभर बरं वाटतं, नातेवाइकांनाही हायसं वाटतं, आणि आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. आधीचं सिझर असेल, तर खाच दिसण्याचीही वाट न पाहता टाका उसवू शकतो. असे मृत्यू नोंदवहीत पुष्कळदा रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग म्हणून लिहिले जातात, त्यामुळे मूळ कारण आकड्यांत दिसतं त्याहून मोठं आहे.

हे वेळीच ओळखायचं साधन म्हणजे एक कागद, पार्टोग्राफ: बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा तासागणिक आलेख. १९७२ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियात (आताच्या झिम्बाब्वेत) फिलपॉट आणि कासल या डॉक्टरांनी त्यावर दोन तिरक्या रेषा आखल्या. दूरच्या दवाखान्यातल्या सुईणींना बाईला मोठ्या रुग्णालयात कधी हलवायचं, हे कळावं म्हणून. गर्भाशयाचं तोंड तासाला १ सेंटिमीटरपेक्षा हळू उघडलं, की आलेख पहिली, सावधानतेची रेषा ओलांडतो. दुसरी, कृतीची रेषा ४ तास पुढे आहे. हे ४ तास मुख्यतः प्रवासासाठी ठेवलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या तक्त्यात सरसकट तासाला १ सेंटिमीटरचा नियम नाही. तोंड ५ सेंटिमीटर उघडून ६ तास तिथेच अडलं किंवा ८ वर अडीच तास, तर सावध व्हायचं. तक्ता कोणताही असो, दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके (११० ते १६०) आणि कळा मोजायच्या. डोक्याचे पाच भाग धरले तर त्यांतले किती पोटावरून अजून हाताला लागतात, हेही बघायचं. तोंड उघडतंय पण डोकं वरच, ही धोक्याची जोडी.

कोकणात हा हिशेब उलटा मांडावा लागतो. सिझरला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एका जागी हवं. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळची फेरीबोट रात्री उशिरा नसते, आणि खाडीला वळसा घालायचा तर तास वाढतात. पावसात साकव बुडतो, घाटात दरड येते. म्हणून आधीचं सिझर, आडवं मूल किंवा कमी उंची असेल, त्या बाईने जून ते सप्टेंबरमध्ये नवव्या महिन्याच्या सुरुवातीलाच मोठ्या रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे मुक्काम हलवावा. माहेर खाडीपलीकडच्या वाडीत असेल, तर पहिलं बाळंतपण माहेरीच हा हट्ट सोडावा. इतरांच्या बाबतीत सावधानतेची रेषा ओलांडली, की १०८ ला फोन. दुसऱ्या रेषेची वाट पाहायला आपल्याकडे ते ४ तास नाहीत.

निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे का, हे फोनवर विचारून घ्यावं, नाहीतर तिथून पुन्हा पुढे पाठवणी होते. शिरेतून रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचं सलाईन) चालू करावं, लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यावा. बाईला डाव्या कुशीवर झोपवावं, तोंडाने काही देऊ नये. पोट दाबून बाळ ढकलणं पूर्ण बंद. पाणी कधी गेलं आणि कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, हे चिठ्ठीत असावं.

जीव वाचला तरी एक इजा मागाहून उघडी पडते. अडकलेलं डोकं लघवीची पिशवी हाडाशी दाबून धरतं, तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि मेलेला भाग प्रसूतीनंतर साधारण ३ ते १० दिवसांत गळून भोक पडतं. लघवी सतत पाझरते. अनेक जणी लाजेने वर्षानुवर्षं लपवतात, तर काहींना घरचेच दूर करतात. म्हणून अडलेल्या प्रसूतीनंतर कॅथेटर दुसऱ्या दिवशी काढू नये, १० ते १४ दिवस ठेवावा, आणि बाईने भरपूर पाणी प्यावं. पाझर सुरू झालाच, तर लगेच कॅथेटर घालून ४ ते ६ आठवडे ठेवल्यास लहान भोक शस्त्रक्रियेविनाही भरू शकतं. मोठं असेल तर शस्त्रक्रियेने बुजवता येतं, आणि पहिल्या प्रयत्नात यश येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्यामुळे ती या शस्त्रक्रियेचा सराव असलेल्या सर्जनकडेच करून घ्यावी.