सोमवारची छाती

सोमवारी सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, पाळी सुरू व्हायची, आणि काही तासांत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातल्या कामगाराला छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायला लागायचं. श्वास पुरता आत जायचा नाही. कोरडा खोकला यायचा. मंगळवारी माणूस तोच, यंत्र तेच, धूळही तीच, पण त्रास कमी. शनिवारपर्यंत तो बरा झालेला असायचा. रविवार घरी काढला की सोमवारी पुन्हा तेच.

या आजाराचं नाव बिसिनोसिस. बोंडाच्या बुडाशी वाळकी पानं असतात. वेचणीत त्यांचा चुरा कापसाबरोबर येतो आणि त्याच्यावर जीवाणू वाढलेले असतात. या जीवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. गठाणी फोडताना आणि कापूस पिंजताना ते धुळीतून फुप्फुसात जातं, श्वासनलिका सुजतात, आवळतात. रोजच्या माऱ्याला शरीर थोडं सरावतं, म्हणून मंगळवारी बरं वाटतं. सुट्टीच्या एका दिवसात हा सराव मोडतो. पण बरं वाटलं म्हणून इजा थांबत नाही. वर्षानुवर्षं धुळीत काढल्यावर सोमवारचा त्रास आठवडाभर पुरतो आणि शेवटी दोन जिने चढतानाही धाप लागते.

अडचण अशी, की एक्स-रेमध्ये या रोगाची खास खूण दिसत नाही. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये गाठी तरी दिसतात. इथे डॉक्टरच्या हातात कामगाराचं सांगणं असतं आणि पाळीआधी व पाळीनंतर फुंकून केलेली श्वासाची मोजणी. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी 1950च्या दशकात रोगाच्या पायऱ्या ठरवल्या त्या याच सांगण्यावर: त्रास फक्त सोमवारी होतो, की इतर दिवशीही? ‘सोमवारी छाती भरते’ हे वाक्य म्हणजे कामचुकारपणाची सबब नसून रोगाचं मुख्य लक्षण आहे, हे मान्य व्हायला इतका काळ जावा याची मला फार चीड येते.

आणि सोमवार दिसायला आधी रविवार लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो सहज मिळाला नाही. 1881चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. तिथून निघालेल्या अर्जावर 5,500 कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या वाचल्या की आजही थांबायला होतं: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम करताना जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार. कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. कामगार भरपाईचा कायदा भारतात आला 1923 साली. लोखंड्यांच्या कामगारांनी ती मागणी त्याच्या 39 वर्षं आधी लिहून दिली होती. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि 1891च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

पण सुट्टीने धूळ कमी होत नाही. ती शोषून घ्यायला यंत्रं लागतात, त्यांना पैसा लागतो. अमेरिकेत 1978 साली सूतकताईच्या खात्यांसाठी हवेतल्या धुळीची मर्यादा ठरली: एका घनमीटरमागे 200 मायक्रोग्रॅम. खर्च फायद्याच्या मानाने जास्त आहे का, हे आधी तोलून पाहायला हवं होतं, असा गिरणीमालकांचा दावा होता. 1981 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जे करणं शक्य आहे ते कामगाराच्या आरोग्यासाठी करावंच लागेल, असा त्या निकालाचा अर्थ होता.

आपल्याकडे भरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत बिसिनोसिस आहे. पण भरपाई मागायला आधी रोगाचं निदान व्हावं लागतं. परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या, तरी विदर्भात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये हंगामात तूस उडतंच, आणि तोंडाला रुमाल बांधलेली माणसं त्यातच उभी असतात. त्यांच्यातलं कुणी खोकत दवाखान्यात आलं, तर डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारावेत: काम काय करता? आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जास्त होतं का?