माउंट केनियाचं विवर गेलं कुठे?

आफ्रिकेतल्या किलिमांजारोच्या माथ्यावर ज्वालामुखीचं विवर (म्हणजे तोंड) आहे, त्यामुळे तो करून आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की शेजारच्या माउंट केनिया या डोंगराचं विवर कुठंय. ही गडबड जुनी आहे. 1887 ला एक हंगेरियन काउंट नैऋत्येकडून साधारण 4350 मीटरपर्यंत चढला, समोर खोल वाटीसारखी दरी दिसली आणि साहेब विवर सापडलं म्हणून सांगून मोकळे झाले. 1893 ला एक ब्रिटिश भूवैज्ञानिक वर हिमनदीपर्यंत पोचला, मग हळूहळू चित्र साफ झालं. विवर वगैरे काही नाही, ती दरी बर्फाने कोरलेली.

खरं विवर केव्हाच झिजून गेलं. साधारण 31 ते 26 लाख वर्षांपूर्वी हा ज्वालामुखी धगधगत होता, तेव्हा उंची 6000 मीटरच्या वर असावी असा अंदाज आहे. वरची राख, लाव्ह्याचे थर, सगळं गेलं आणि नळीत (लाव्हा वर येण्याच्या वाटेत) अडकून सावकाश थिजलेला दगड तेवढा उरला, म्हणजे आजची बाटियान (5199 मीटर) आणि नेलियन (5188) ही टोकं. आपण विवराच्या काठावर नाही, त्याच्या नरड्यातल्या बुचावर चढतो! (आपल्याकडे दिसेल त्या सुळक्याला ज्वालामुखीची नळी म्हणतात, ते मात्र बंद करा. सह्याद्रीतले बहुतेक सुळके आडव्या थरांचे झिजून उरलेले तुकडे आहेत.) आणि सावकाश थिजल्यामुळेच हा दगड जाड दाण्यांचा, बोटांना धरणारा, भेगा पण छान.

बाटियानवर पहिली चढाई 1899 ची. दोन टोकांखालचा बर्फ इतका टणक की पायऱ्या खोदताना घाम निघाला, तिथूनच त्या हिमनदीला डायमंड नाव पडलं. शेजारचं नेलियन मात्र 1929 पर्यंत कोरंच. मला सगळ्यात भारी वाटतो तो 1970 चा किस्सा, नेलियनच्या माथ्यावर पत्र्याची छोटी झोपडी उभी करायला एकाच माणसाने एकट्याने 13 वेळा चढून सामान वर नेलं, दोराला जोडीदार नाही काही नाही.

1973 मध्ये डायमंड कुलुआर (त्या हिमनदीखालची बर्फाची उभी घळ) चढली गेली, बर्फावर चढणाऱ्यांचं ते स्वप्न होतं. आता तिथला खालचा बर्फच गेलाय, धड बर्फ जमतो असं वर्ष विरळाच.